‘द व्हॉयेज आउट’ : स्त्रीची अस्मिता आणि साम्राज्य

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी आधुनिकतावादी कादंबरीचे अध्यापन करताना स्त्रीच्या अस्मितेचा प्रश्न आणि साम्राज्याचा प्रश्न हे दोन वेगळे विषय मानण्याचा प्रघात दिसतो. पहिला व्हर्जिनिया वुल्फच्या वाट्याला येतो, तर दुसरा जोसेफ कॉनरॅडच्या. ही वाटणी सोयीची असली, तरी वुल्फची पहिलीच कादंबरी ‘द व्हॉयेज आउट’ (१९१५) तिला छेद देते. या कादंबरीतील तरुणीचा आत्मशोध ज्या साधनांवर उभा आहे, ती साधनेच साम्राज्याने पुरविलेली आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेसाठी कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) लक्षात घ्यावी. तेथे मार्लोला आफ्रिकेतील नोकरी मिळते ती नात्यातील एका वडीलधाऱ्या स्त्रीच्या खटपटीमुळे. तथापि, वसाहतीतील सत्य कळण्याचा अधिकार स्त्रीला नाही. कुर्ट्झच्या वाग्दत्त वधूला कादंबरीत नाव नाही आणि अखेरीस मार्लो तिच्याशी खोटे बोलतो. साम्राज्य चालविणारा पुरुष आणि त्या व्यवहारापासून अज्ञानात सुरक्षित ठेवलेली स्त्री, अशी ही विभागणी आहे. वुल्फ त्या स्त्रीलाच जहाजावर चढविते.

चोवीस वर्षांची रेचल व्हिनरेस ही जहाजमालकाची कन्या आहे. आई वारल्यानंतर तिचे संगोपन रिचमंड येथे आत्यांनी केले. पियानोवादन वगळता तिला पद्धतशीर असे कोणतेच शिक्षण मिळालेले नाही. या वादनाचा खर्च आपल्या मालवाहतुकीतून भागतो, याची जाणीव वडील तिला करून देतात. संसदेत जाण्याची त्यांची आकांक्षा असल्याने मुलगी आपल्या घरची यजमानीण म्हणून शोभावी, अशीही त्यांची अपेक्षा आहे. मामी हेलन अँब्रोज तिला सान्ता मारिना या दक्षिण अमेरिकेतील काल्पनिक बंदरगावी ठेवून घेते आणि तेथे रेचलला स्वतःची खोली मिळते. दक्षिण अमेरिकेचा बहुतांश भाग ब्रिटिश अमलाखाली नव्हता. तेथे ब्रिटिश व्यापार आणि भांडवल यांचा प्रभाव होता. म्हणजे ज्या खोलीत रेचल वाचू आणि विचार करू लागते, तिचे भाडे याच व्यापारातून येते.

प्रवासात लिस्बनला जहाजावर चढलेले रिचर्ड आणि क्लॅरिसा डॅलोवे हे दांपत्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आरमारी जहाजे दिसताच क्लॅरिसा आपल्या इंग्रजपणाच्या अभिमानाने भारावून रेचलचा हात दाबते. रिचर्ड रेचलला राज्य म्हणजे एक गुंतागुंतीचे यंत्र असल्याचे समजावून सांगतो. त्यावर रेचल एखाद्या एकाकी वृद्ध विधवेची कल्पना पुढे करते : तिच्या मनापर्यंत हे यंत्र पोहोचते काय? स्त्रीला मताधिकार देण्यास विरोध करणारा हा गृहस्थ पुढे रेचलचे अवचित चुंबन घेतो आणि ती भयस्वप्नांनी ग्रासली जाते. येथे एक ऐतिहासिक संदर्भ ध्यानात ठेवावा. १८७० च्या कायद्यानुसार परकीयाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री आपले राष्ट्रीयत्व गमावीत असे. हे बंधन पूर्णतः दूर झाले ते १९४८ च्या कायद्याने. मताधिकारही काही स्त्रियांना १९१८ मध्ये आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मिळाला. क्लॅरिसा ज्या इंग्रजपणाचा अभिमान बाळगते, तो कायद्याच्या दृष्टीने पतीवर अवलंबून होता.

कादंबरीचा कळस नदीवरील सफरीत आहे. या सफरीतील फ्लशिंग दांपत्य स्थानिक लोकांकडून वस्तू स्वस्तात घेऊन लंडनच्या फॅशनेबल स्त्रियांना विकते. एका स्त्रीची हौस दुसऱ्या स्त्रीच्या श्रमावर कशी पोसली जाते, हे वुल्फ असे ओझरते, परंतु अचूक दाखविते. याच सफरीत रेचल आणि टेरेन्स ह्यूइट यांना परस्परांवरील प्रेमाची कबुली मिळते. पुढे ही मंडळी एका आदिवासी वस्तीत पोहोचतात. आपल्या कामात गढलेल्या तेथील स्त्रिया पाहुण्यांकडे टक लावून पाहतात. पाहणारे येथे पाहिले जातात, आणि त्या नजरेपुढे प्रेमिकांना आपण क्षुल्लक असल्याचे जाणवते. परतल्यावर रेचलला ताप येतो आणि त्यातच तिचा मृत्यू होतो.

या मृत्यूचा अर्थ केवळ विवाहसंस्थेपासून सुटका असा लावणे अपुरे ठरते. ज्या व्यवस्थेने रेचलला पियानो, प्रवास आणि खोली दिली, तीच तिला यजमानीण आणि पत्नी या ठरीव भूमिकांकडे ढकलते. त्या व्यवस्थेबाहेरची अस्मिता कोठे शोधावी, याचे उत्तर कादंबरीपाशी नाही. आणखी एक मर्यादा नोंदवावी लागते. वस्तीतील स्त्रियांना वुल्फ नजर देते, वाणी देत नाही. त्या रेचलच्या अस्वस्थतेचे निमित्त होतात. त्यांची स्वतःची अस्मिता हा कादंबरीचा विषय होत नाही. ‘थ्री गिनीज’मध्ये (१९३८) वुल्फने स्त्री आणि राष्ट्र यांच्या नात्याची उघड चिकित्सा केली, परंतु त्या चिकित्सेची बीजे येथेच आढळतात.

म्हणून स्त्रीच्या आत्मभानाची कोणतीही कथा अभ्यासताना तिला तिची खोली मिळाली काय, एवढेच विचारून थांबता येणार नाही. त्या खोलीचे भाडे कोणी भरले आणि खिडकीबाहेर काम करणारी स्त्री कोण, हे दोन्ही प्रश्न त्याच वाचनाचा भाग मानले पाहिजेत.