आईचे रोडगे आणि जीन्सचं बटण

महिन्यातून एकदा वाशिमला घरी जायचं. आईचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून 'अजून एक घे ना रे!' पुण्यात परतलात, तर जीन्सचं बटण लागेना! तीनच किलो वाढलेत, टेन्शन कशाला? थांबा. २००९च्या भारतीय निकषांनुसार बीएमआय २३ झाला की वजन जास्त. कंबर पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंमीच्या आत हवी.

विदर्भाच्याच डॉ. श्रीकांत जिचकारांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी फंडा दिला: दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हेही जमेना? मग दुसऱ्या रोडग्याआधी वीस मिनिटं थांबा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला उशिरा पोचतो. आईला मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती रुसायची!