वकिलात बंद केली, मग?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले आणि १० तारखेच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेशच नव्हता! नाशिकला आमच्या महिला मंडळात त्यावरून जोरदार वाद झाला. सहावीनंतर मुलींची शाळा बंद करणाऱ्या तालिबानशी संबंध ठेवायचेच कशाला? आधी शाळा उघडा, मग दूतावास, असं बहुतेकींचं म्हणणं. चीड मलाही आली. पण संबंध तोडून पाहण्याचा प्रयोग आपण एकदा केलाय, गोव्यासाठी.

गोव्याबद्दल पोर्तुगाल बोलायलाच तयार नाही, म्हणून जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा उरलेसुरले संबंधही तुटले. गोव्याची नाकेबंदी झाली. हुकूमशहा सालाझारला त्याचं काय! बटाटे हॉलंडहून आले, चहा सिलोनहून. झळ बसली ती मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या घरांना.

आणि कैदी? सांगलीचे मोहन रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, मुक्तिलढ्यात उतरले, १९५५ मध्ये पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, हे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच. त्यांच्यासाठी भांडायला तिथे आपला राजदूतच नव्हता. सुधीर फडक्यांनी (हो, आपले बाबूजी!) त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली ती २५ एप्रिल १९७४ ला. आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या त्यांच्याच सैनिकांनी ती उलथवली, आपल्या बंद दाराने नव्हे. नव्या सरकारने गोवा भारताचा हे मान्य केलं आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला करार होऊन संबंध जुळले.

म्हणून काबूलला आपला दूतावास असावा, असं मी म्हटलं. ‘म्हणजे गप्प बसायचं?’ एकीने विचारलं. छे! दूतावास वेगळा, सरकारला मान्यता वेगळी. दूतावास पुन्हा सुरू करताना भारताने मान्यता काही दिली नाही. तिच्यावर घाला ना अट, मुलींच्या शाळेची, अगदी खणखणीत.

अन् दडपण चालतं, बरं का. दिल्लीत महिला पत्रकारांनी आवाज उठवला, तर १२ तारखेला मुत्तकींनी दुसरी परिषद घेतली. या वेळी बायका पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांना तोंडावर विचारला.