दप्तराचे मेकॅनिक्स

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी मोमेंट काढले. बल गुणिले अंतर. भिंतीला टेकवलेली शिडी झाली, क्रेन झाली, बीम तर किती झाले! पण सकाळी शाळेला निघालेल्या पोराची फ्री बॉडी डायग्राम कुणी काढली नाही. आज ती काढू या.

दिवाळीच्या सुट्टीत मी पाचवीतल्या भाच्याचे दप्तर वाण्याच्या काट्यावर ठेवले. 5 किलो भरले. भाचा स्वतः 30 किलोचा. म्हणजे अंगाच्या वजनाचा सहावा हिस्सा! आपल्यातल्या 60 किलोच्या गड्याने 10 किलो तांदूळ पाठीला बांधून रोज लेक्चरला जावे, तसला हा प्रकार.

आता गणित. दप्तराचा गुरुत्वमध्य शरीराच्या गुरुत्वमध्याच्या 18 सेंमी मागे धरा. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य (5 × 18) ÷ 35, म्हणजे सुमारे अडीच सेंमी मागे सरकतो. आकडा किरकोळ वाटेल, पण उभे असताना आपला गुरुत्वमध्य घोट्याच्या थोडासाच पुढे असतो. तोल टाचांकडे जातो, म्हणून पोरगं पुढे वाकतं. वाकलं की नजर जमिनीवर. समोरचा रस्ता दिसायला मान वर करावी लागते. मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि दुखायला लागतात. पट्टे ढिले सोडले तर दप्तर पाठीपासून लांब जातं, मोमेंट आणखी वाढतो. एकाच खांद्यावर अडकवलं तर कणा बाजूला वाकतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. दप्तराने पाठीला कायमचा बाक येतो असं लोक म्हणतात, त्याला भक्कम पुरावा नाही. मुलांच्या पाठदुखीत तासन् तास बसून राहणं, खेळ नसणं यांचाही वाटा असतो. पण म्हणून "आमच्या वेळी आम्हीही नेलीच की" असं म्हणून सोडून द्यायचं? रोजच खांदा दुखला की पोराला ते नेहमीचंच वाटतं आणि ते सांगायचंच बंद करतं. हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्रीही पाठ दुखत असेल, तर सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

नियम नाहीत असे नाही. यशपाल समितीने 1993 मध्येच अभ्यासाच्या ओझ्यावर अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दप्तराला मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे. या हिशोबाने भाच्याला 3 किलो चालतील. प्रश्न एवढाच की काटा धरतो कोण?

तो आपणच धरू या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेत प्यायचे चांगले पाणी असेल तर भरलेली बाटली कशाला? दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी घ्या. रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरा. जाड पुस्तके पाठीलगत, दोन्ही पट्टे खांद्यावर, दप्तराचा तळ कमरेच्या खाली नको. शाळेत पुस्तके ठेवायला एखादे कपाट मागा. स्टाफमधल्या आई-बाबांनी हे आज रात्रीच करावे. होस्टेलवाल्यांनो, तुम्ही येत्या सुट्टीत घरच्या धाकट्यांचे दप्तर आधी काट्यावर ठेवा.