बुधवारी कॅमेरा लावाल, तर घड्याळही लावा

बुधवारी, ६ जून २०१२ ला, शुक्र सूर्यबिंबावरून जाणार, म्हणजेच शुक्राचं अधिक्रमण होणार, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालं आहे. पुन्हा हा योग थेट ११ डिसेंबर २११७ ला, हेही. ग्रहणचष्मे खपताहेत, गच्च्या ठरल्या आहेत. या धामधुमीत घरोघरी असलेल्या एका साधनाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, ते म्हणजे व्हिडिओ कॅमेरा. त्यात सुंदर चित्रण मिळेलच. पण त्या चित्रणाला नेमक्या वेळेची जोड दिली, तर सूर्य आपल्यापासून किती लांब आहे हे त्यावरून काढता येतं.

‘आपल्याला अर्धंच दिसणार’ अशी हळहळ सध्या कानावर येते. ते खरं आहे. सूर्य उगवेल तेव्हा शुक्र बिंबावर आधीच आलेला असेल. सूर्याचं अंतर काढायला खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलेने १७१६ मध्ये सुचवलेल्या पद्धतीला अधिक्रमणाचा संपूर्ण कालावधी लागतो, त्यामुळे ती आपल्या उपयोगाची नाही. पण जोझेफ-निकोला देलील या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दुसरी वाट दाखवली. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून शुक्राचा सूर्याच्या कडेला होणारा एकच स्पर्श टिपला तरी चालतं. अट इतकीच की दोघांची घड्याळं अचूक हवीत आणि जागेचे रेखांश पक्के ठाऊक हवेत. अठराव्या शतकात रेखांश ठरवतानाच निरीक्षकांचा जीव मेटाकुटीला यायचा. आज जीपीएस या दोन्ही गोष्टी तळहातावर आणून देतं. शुक्र बाहेर पडताना आतून कडेला टेकतो तो तिसरा स्पर्श आपल्याकडे सकाळी १०.०५ च्या आसपास होईल, आणि पूर्ण बाहेर पडतो तो चौथा १०.२२ च्या सुमारास. नांदेडची वेळ आणि ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या निरीक्षकाची वेळ शेजारी ठेवली, की त्या फरकात सूर्याचं अंतर दडलेलं असतं.

दोन ठिकाणांतला फरक पाच मिनिटांचा धरा. मोजताना त्यात सहा सेकंदांची चूक झाली, तर उत्तर दोन टक्क्यांनी हुकतं. दोन टक्के म्हणजे तीस लाख किलोमीटर.

आणि चूक होतेच. ३ जून १७६९ रोजी ताहिती बेटावर कॅप्टन कूक, चार्ल्स ग्रीन आणि डॅनिएल सोलँडर शुक्राच्या अधिक्रमणासाठी एकाच ठिकाणी दुर्बिणी लावून बसले होते. आभाळ निरभ्र होतं. तरी तिघांच्या वेळा जुळल्या नाहीत. स्पर्शाच्या ऐन क्षणी शुक्राची काळी तबकडी आणि सूर्याची कडा यांच्यामध्ये काळी मान ताणल्यासारखी दिसते आणि नेमका क्षण कोणता, हेच कळेनासं होतं. हाच तो ‘काळा थेंब’. बराच काळ त्याचं खापर शुक्राच्या वातावरणावर फुटत राहिलं. मग १९९९ च्या बुधाच्या अधिक्रमणात ‘ट्रेस’ या उपग्रहाच्या प्रतिमांतही हा थेंब सापडला. बुधाला म्हणावं असं वातावरण नाही आणि उपग्रह आपल्या हवेच्या बाहेर. श्नायडर, पासाकॉफ आणि गोलब या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दुर्बिणीचा स्वतःचा अंधुकपणा आणि कडेकडे मंद होत जाणारा सूर्यप्रकाश यांच्या संगनमताने हा थेंब तयार होतो.

या अंधुकपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. बुधवारी शुक्राची तबकडी सुमारे ५८ विकला (आर्कसेकंद) रुंद असेल आणि तेवढी कडा ओलांडायला तिला जवळजवळ १८ मिनिटं लागतील. म्हणजे प्रतिमा एका विकलेने पुसट झाली, की १८-२० सेकंदांची संदिग्धता आली. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो म्हणून सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकी अचूकता मिळेल, असं कुणी समजू नये. कॅमेऱ्याचं खरं बळ वेगळ्या जागी आहे. डोळ्याला एक क्षण पकडायचा असतो. कॅमेरा त्या क्षणाच्या आगेमागच्या हजारो फ्रेम राखून ठेवतो, आणि त्या कुणालाही, कितीही वेळा मोजता येतात.

हे सर्वांत आधी ज्याला उमगलं, त्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेनबद्दल मला विलक्षण आदर आहे. १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी हा माणूस आपल्याकडे गुंटूरला आला होता. १८७४ च्या अधिक्रमणाला तो जपानात नागासाकीला गेला, तो एक नवं यंत्र घेऊनच. घड्याळी चक्रांवर गोल तबकडी फिरायची आणि ७२ सेकंदांत तिच्यावर ४८ छायाचित्रं उमटायची. आपल्या हातातल्या कॅमेऱ्याचा हा पूर्वज एका ग्रहाची वेळ मोजायला जन्माला आला. पुढे १८९५ मध्ये सिनेमाचे जनक ल्युमिएर बंधूंनी खुद्द जान्सेनलाच चित्रित केलं, आणि वर्षभराने, ७ जुलै १८९६ ला, त्यांचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात लागला.

आता प्रत्यक्ष काम. तीन-चार इंची दुर्बीण पुरते. सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसवा. डोळ्याकडच्या भिंगावर लावलेला फिल्टर उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस आणि ऑटो एक्स्पोजर बंद करा. प्रकाश जास्त झाला की सूर्याची कडा फुगते, शुक्र आकसतो आणि स्पर्शाची वेळ सरकते. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका. हातातल्या जीपीएसच्या पडद्यावरचे आकडेही जरा मागे असू शकतात. पिधानं, म्हणजे चंद्रासारख्या गोलाआड तारा जाण्याचे क्षण, टिपणारे हौशी निरीक्षक चित्रावरच जीपीएसची वेळ छापणारं यंत्र वापरतात. ते नसेल तर काही जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला एक विद्युत स्पंद देतात, त्याला बझर जोडा. टिक् टिक् ध्वनिपट्टीवर उमटत राहील. कुठला ठोका कुठल्या सेकंदाचा, ते अधूनमधून तोंडाने बोलून ठेवा.

नंतर संगणकावर बसायचं. तिसऱ्या स्पर्शानंतर शुक्र कडा कापत बाहेर निघतो. दोन छेदबिंदूंमधली जीवा ठरावीक अंतराने फ्रेममागून फ्रेम मोजा. ती आधी वाढते, मग घटत जाते. तिचा वेळेशी आलेख काढला की दोन्ही टोकांना ती शून्य कधी होते ते वाचता येतं, आणि काळ्या थेंबाने बिघडवलेल्या फ्रेम खुशाल वगळता येतात.

हौशी मोजमापाला कमी लेखणाऱ्यांनी २००४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाचा हिशेब पाहावा. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या उपक्रमात जगभरातून साडेचार हजारांवर स्पर्शवेळा जमल्या. त्यातून निघालेलं सूर्याचं अंतर मान्य आकड्यापासून जेमतेम ११ हजार किलोमीटरने ढळलं, आणि ते अंतर आहे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर! या वेळी ‘अॅस्ट्रॉनॉमर्स विदाउट बॉर्डर्स’ने फोनवर बटण दाबून वेळ नोंदवायची सोय केली आहे. तिचा लाभ जरूर घ्या. पण बटणामागे माणसाची प्रतिक्रिया असते आणि दाबलेलं बटण पुन्हा तपासता येत नाही.

कोकणात आणि मुंबईत जूनचे ढग आड येऊ शकतात. मराठवाडा-विदर्भातल्या शाळा-कॉलेजांनी म्हणूनच हे मनावर घ्यावं. पावणेदहाला रेकॉर्डिंग सुरू करा, साडेदहापर्यंत बंद करू नका. मूळ फाइल जशीच्या तशी जपा आणि तिच्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा.