वाचकांचें मौन

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर एका मासिकाच्या संपादकांचें आम्हांस पत्र आलें. मजकूर थोडाच होता. "अंक वेळेवर निघतो, वर्गणीदार टिकून आहेत; परंतु वाचकांकडून एक ओळही येत नाहीं. विहिरींत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊं नये, तसें झालें आहे. तुम्ही लातुराकडचे. तुमच्या भागांत तरी आमचें मासिक कोणी वाचतें कीं नाहीं, एवढें पाहून कळवावें."

उत्तर शोधावयास आम्हांस फार लांब जावें लागलें नाहीं. लातुरांतील ज्या एका एकत्र कुटुंबांत आमचें नेहमींचें जाणेंयेणें आहे, तेथेंच तें मासिक येतें. एका रविवारीं दुपारीं आम्ही मुद्दाम तेथें जाऊन बसलों आणि आलेल्या अंकाचें काय होतें तें पाहिलें. अंक प्रथम आजोबांच्या हातीं गेला. त्यांनीं कानावरची पेन्सिल काढून शुद्धलेखनाच्या सहा चुकांवर खुणा केल्या. मग थोरल्या काकूंनीं अंबाडीच्या भाजीची कृति वाचली आणि "यांत गूळ कोठें आहे?" असें विचारून पान उलटलें. धाकट्या सूनबाईंचें मत पडलें कीं गोष्टीचा शेवट जागेअभावीं कापलेला दिसतो. कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें एका लेखांतील आंकडा चुकीचा असल्याचें मोबाइलवर सर्वांस दाखवून दिलें. चहा होईपर्यंत त्या अंकाची जी चर्चा झाली ती कोणी लिहून काढली असती, तर पुढील अंकाचीं चार पानें सहज भरलीं असतीं !

"हें सगळें संपादकांस कां कळवीत नाहीं?" आम्हीं विचारलें. त्यावर सगळे हंसले. काकू म्हणाल्या, "आमचें काय लिहायचें हो? आणि लिहिलें तरी वाचणार कोण?"

काकूंच्या त्या बोलण्यांत दोन वेगळ्या शंका आहेत. पहिली स्वतःविषयींची आणि दुसरी संपादकाविषयींची. दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

पहिल्या शंकेचें मूळ आमच्या भागांत बरेंच खोल गेलेलें आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत लातूर हें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ सालीं झाला. तोंपर्यंत तें उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतलें एक व्यापारी गांव. दरबारची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतलें शिक्षणही उर्दूंतून. घरीं मराठी बोलावी, आजीच्या तोंडून पोथी मराठींत ऐकावी, आणि कचेरींत अर्ज द्यावयाचा झाला म्हणजे उर्दूंत लिहावा, अशा रीतीनें कित्येकांचा जन्म गेला. मराठी वाचणारे घरोघर होते. चारचौघांपुढें मराठींत लिहिण्याची संवय मात्र थोड्यांस लागली. त्यांत पुन्हां छापलेल्या अक्षराचें भय होतें. आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलें. त्यावर बंदी येई आणि तेंच पत्र नांव बदलून पुन्हां निघे. जेथें पत्रासच आपलें नांव टिकवितां येत नाहीं, तेथें त्याच्या वाचकानें आपलें नांव खालीं घालून पत्र पाठवावें कसें? बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीवरून पुण्यामुंबईची वाट सोपी झाली. तिकडून वाचावयास येऊं लागलें. इकडून लिहून जाण्याचा प्रघात मात्र पडला नाहीं.

तो काळ गेला त्यास पाऊणशें वर्षांहून अधिक झालीं. तरी काकूंच्या तोंडीं "आमचें काय लिहायचें" हें राहिलेंच आहे. गंमत अशी कीं याच काकू रोज सकाळीं कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वीस-वीस ओळी लिहितात, आणि त्या वाचण्यासारख्या असतात. तेव्हां संकोच लिहिण्याचा नाहीं, छापण्याचा आहे. अक्षर कागदावर उमटून परक्याच्या घरीं गेलें कीं तें ‘लेखन’ झालें, आणि लेखन म्हटलें कीं तें आपलें काम नव्हे, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाहीं.

आतां दुसरी शंका, "वाचणार कोण?" ही. येथें आम्हांस संपादकांची बाजू घेतां येत नाहीं. आपल्या भाषेंतलीं जुनीं उदाहरणें पाहिलीं तर पत्रांस जागा देणारे लोक आजच्यापेक्षां पुष्कळ धीट होते असें दिसतें. भाऊ महाजनांनीं १८४१ सालीं मुंबईंत ‘प्रभाकर’ काढला. त्यांत १८४८ पासून ‘लोकहितवादी’ अशा सहीचीं पत्रें येऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे तेव्हां पंचविशींतले, सरकारी नोकरींतले गृहस्थ. ब्राह्मणांच्या अज्ञानावर आणि आळसावर त्यांनीं एवढे कोरडे ओढले आहेत कीं आजही एखाद्या मासिकाचे संपादक तीं पत्रें हातीं धरून दोन दिवस विचार करतील. भाऊ महाजनांनीं तीं छापलीं. एक-दोन नव्हे, शंभरावर आठ. ‘शतपत्रें’ म्हणून आज आपण जो ग्रंथ मानतों, त्याचा जन्म साप्ताहिकास पाठविलेल्या पत्रांतून झाला.

पत्र छापल्यानें काय होऊं शकतें याचें दुसरें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांतला पत्राचा भाग मात्र आपण विसरतों. गोपाळराव जोशी यांनीं कोल्हापुरांत असतां पत्नीच्या शिक्षणाविषयीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलें. त्या वाइल्डर साहेबांनीं तें आपल्या मासिकांत छापलें. स्वतः दिलेलें उत्तर उत्साह वाढविणारें नव्हतें. परंतु पत्र छापलें! १८८० सालीं न्यू जर्सींतील कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथें पडलेला तो अंक त्यांनीं सहज चाळला आणि घरीं जाऊन आनंदीबाईंस पत्र लिहिलें. १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. वाइल्डर साहेबांस तें पत्र निरुपयोगी वाटून त्यांनीं केराच्या टोपलींत टाकलें असतें तर पुढलें कांहीं घडतें ना.

आणि र. धों. कर्वे यांनीं तर वाचकांस उत्तरें देण्यापायीं शिक्षा सोसली. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलें. १९३४ सालचा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरी दंड व्हावयाचा तो झाला. पुढें प्रश्न येत राहिले आणि उत्तरेंही निघत राहिलीं. त्या उत्तरांशीं आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें पटणार नाहीं. परंतु घरांत कोणासही विचारतां येत नाहीं असें विचारावयास एक ठिकाण आहे, एवढा भरंवसा त्या माणसानें निर्माण केला होता.

हे झाले मोठे लोक. आमचा स्वतःचा अनुभव फार लहान आहे, पण लातुरचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका मासिकाकरितां आम्हीं येळवशीवर लेख लिहिला. वेळ अमावास्या, म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या, आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या तोडीची. त्या दिवशीं शहर ओस पडतें. गंजगोलाईंत एरवीं पाय ठेवावयास जागा नसते, तेथें त्या दिवशीं चिटपांखरूं दिसत नाहीं. जो तो कोणाच्या ना कोणाच्या शेतांत. कडब्याची कोप करावयाची, पांडव मांडावयाचे, पूजा करावयाची आणि मग आंबील, उंडे, खीर आणि भज्जी यांवर ताव मारावयाचा. भज्जी म्हणजे ओला हरभरा, तूर, वाटाणा आणि रानांतल्या मिळतील त्या भाज्या घालून बेसनांत शिजविलेला एक अपूर्व पदार्थ. मुद्रितें तपासणाऱ्या गृहस्थांस ती अक्षर जुळविणाराची चूक वाटली. त्यांनीं जोडाक्षर सोडविलें, आणि लातूरकर येळवशीस शेतांत जाऊन ‘भजी’ खातात असें छापून निघालें !

ज्या लेखास एरवीं एकही पत्र आलें नसतें, त्यास पत्रांचा पाऊस पडला. लातुरांतून आलीं, औशाहून आलीं, उदगिराहून आलीं, पुण्यांत नोकरी करणाऱ्या लातूरकरांचीं आलीं, परदेशीं स्थायिक झालेल्या एका बाईंचेंही आलें. पहिल्या चार ओळींत राग, आणि मग कृति. भज्जीस चिंच घालावी कीं ताक, यावर दोन घरांचा असा वाद जुंपला कीं दोघांनींही आपापल्या आजीची साक्ष काढली. एका गृहस्थांनीं येळवशीच्या दिवशींच्या गाण्याचा अर्थ लिहून पाठविला, तो आम्हांसही ठाऊक नव्हता. कापलेल्या एका ‘ज’ नें जेवढी माहिती बाहेर काढली, तेवढी आमच्या सबंध लेखांत नव्हती.

त्या पत्रांचें पुढें काय झालें तें सांगावयास वाईट वाटतें. अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत "भजी ऐवजीं भज्जी वाचावें" असें छापलें गेलें. पत्रांपैकीं एकही छापलें नाहीं, एकासही पोंच गेली नाहीं. दुसऱ्या वर्षीं आम्हीं सीतामाईच्या यात्रेसारख्या गांवोगांवच्या चालीरीतींवर लिहिलें, त्यांतही चुका असतील. परंतु एकानेंही पत्र लिहिलें नाहीं.

आम्ही आतां संपादकांस सांगतों तें एवढ्यावरूनच. "अंक कसा वाटला तें कळवा" या विनंतीस उत्तर येत नाहीं, कारण तिला उत्तर देणें म्हणजे परीक्षक होणें, आणि काकूंस परीक्षक व्हावयाचें नसतें. वाचक लिहितो तो त्याला लेखकापेक्षां अधिक ठाऊक असेल तेथें. तेव्हां त्यालाच ठाऊक असलेलें विचारलें पाहिजे, आणि तेंही लहान. आलेल्या पत्रास निदान दोन ओळींची पोंच गेली पाहिजे. विरुद्ध मताचें पत्र आधीं छापावें; स्तुतीचें राहिलें तरी चालेल. आणि पत्रांत "करायलेत", "जायलेत" असें असलें तर तें तसेंच राहूं द्यावें. त्याचें पुणेरी शुद्धलेखन झालें कीं लिहिणाराच आपलें पत्र ओळखीत नाहीं. सहीचा प्रश्न याहून नाजूक. एकत्र कुटुंबांत सूनबाईंनीं लिहिलेल्या पत्रावर मुलाची सही असते, हें अक्षरावरून आणि मजकुरावरून कोणासही कळतें. "आपलें नांव छापावयाचें कीं नुसतें गांव?" असें संपादकांनीं त्यांनाच विचारावें, परस्पर ठरवूं नये.

हें आम्हांस निकडीचें वाटतें. सप्टेंबर १९४८ मध्यें जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. लातुरांतल्या कित्येक घरांत त्या दिवसांत दारें कशीं लावून घेतलीं जात, कोणी कोणास आसरा दिला, हें सांगणारें एखादें माणूस अजून ओसरीवर बसलेलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपती बोळवून लोक निजलेले असतां, किल्लारीचा भूकंप झाला. ती रात्र ज्यांनीं जागून काढली ते तर अजून हिंडतेफिरते आहेत. या आठवणी जेवतांना सांगितल्या जातात आणि ताटांबरोबर उचलल्या जातात.

म्हणून संपादकांस उत्तर लिहितांना आम्हीं त्यांच्या वतीनें विचारावयाचा एक प्रश्नच लिहून पाठविला. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या फेरींत दहा टाक्या, सुमारें पांच लाख लिटर. हें सर्व वर्तमानपत्रांत आलें आहे. आमचा प्रश्न असा होता : "त्या उन्हाळ्यांत आपल्या घरांत पाण्याची वांटणी कोण करीत असे, आणि ती कशी?"

प्रश्न छापून आल्यावर पत्रें आलीं. फार नाहींत, पण आलीं. त्यांत आमच्या काकूंचें होतें. खालीं त्यांचीच सही, पूर्ण नांवासह. आजोबांच्या स्नानास किती तांबे, हें त्या ठरवीत. नातवाच्या हातांतून भरली बादली एकदां काढून घेतली तेव्हां तो दोन दिवस बोलला नाहीं. आणि देवाच्या ताम्हनांतलें पाणी तुळशीस, तांदुळाचें धुवण जास्वंदीस, असा हिशेब चाले. सूनबाईंनीं आम्हांस मागाहून सांगितलें कीं कच्चा खर्डा तीन वेळां लिहिला होता. पत्राच्या तळाशीं ताजा कलम होता : "अंबाडीच्या भाजीच्या कृतींत गूळ राहिला आहे. पुढच्या अंकांत छापावें."