पार्वोतून उठलेलं पिल्लू नाकारण्याआधी

दिवाळी उलटली की नाशिकच्या गल्लीबोळांत पिल्लं दिसू लागतात. भटक्या माद्या आपल्याकडे बहुधा थंडीच्या सुमारास वितात, आणि आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरू लागलं की पार्वो या पिल्लांना गाठतो. सिडको असो की पंचवटी, त्यातली काही पिल्लं कुणाच्या तरी नजरेला पडतात, दवाखान्यात पोहोचतात, चार-सहा दिवस सलाईनवर काढतात आणि जगतात. अडचण त्यानंतर सुरू होते. दत्तक घ्यायला आलेली माणसं पिल्लाला कडेवर घेतात, कौतुक करतात आणि ‘याला पार्वो झाला होता’ एवढं कानावर पडलं की खाली ठेवतात.

हा नकार बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर उभा असतो.

असं पिल्लू फार दिवस जगत नाही, हा पहिला समज. पार्वोचा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन अंगातलं पाणी संपतं, पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात, हे खरंच आहे. पण सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि प्रतिजैविकं वेळेवर मिळाली तर चित्र पालटतं. अमेरिकेतल्या ‘ऑस्टिन पेट्स अलाइव्ह’ या संस्थेने 2008 पासून खास पार्वोच्या पिल्लांसाठी विभाग चालवला. पुढच्या अकरा-साडेअकरा वर्षांत तिथे आलेल्या पाच हजारांहून अधिक कुत्र्यांपैकी 86.6 टक्के वाचले, आणि जे गेले त्यांतले बहुतेक पहिल्या पाच दिवसांतच गेले. म्हणजे जे पिल्लू दोन-तीन आठवडे नीट खातंय, ज्याचं वजन वाढतंय, त्याने तो घाट ओलांडलेला असतो.

‘पुन्हा झाला तर?’ हा पुढचा प्रश्न. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पार्वोतून उठलेल्या कुत्र्याला मिळणारी प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर टिकते. पण म्हणून लस टाळायची नाही. कुत्र्यांच्या एकत्रित लशीत डिस्टेंपर आणि यकृताच्या सुजेसारख्या इतर आजारांपासूनही संरक्षण असतं, आणि पार्वो होऊन गेल्याने ते मिळत नाही. पिल्लू किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे असतात. रेबीजची लस तिसरा महिना पुरा झाल्यावर.

घरातल्या लहान मुलांना कुत्र्याचा पार्वो होत नाही. माणसांत आढळणारा पार्वोव्हायरस बी-19 हा वेगळा विषाणू आहे आणि तो कुत्र्यांकडून येत नाही. मांजर असेल तर मात्र तिची लस झालेली हवी, कारण कुत्र्यांमधल्या पार्वोचे आजचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. बऱ्या झालेल्या पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू साधारण दोन आठवड्यांपर्यंत बाहेर पडू शकतो आणि केसांना, पंजांना चिकटून राहतो. तेवढे दिवस त्याला लस न झालेल्या पिल्लांपासून दूर ठेवावं, मग आंघोळ घालावी. लशी पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्यापासून फारसा धोका नसतो.

खरा धोका जमिनीवर उरतो, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. ‘फिनाईलने फरशी पुसली, आता काळजी नाही,’ असं घरोघरी म्हणतात. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं. म्हणून फिनाईल किंवा हाताला लावायचं सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाचं नाही. सावलीच्या, ओलसर जागी तो कित्येक महिने टिकतो. जागा आधी घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण टाकून किमान दहा मिनिटं ओली ठेवायची, हा खात्रीचा उपाय. मातीच्या अंगणात तोही पुरा पडत नाही. ज्या घरात नुकतंच एखादं पिल्लू पार्वोने गेलंय, तिथे लशी अपुऱ्या असलेलं नवं पिल्लू आणणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात नेणं. तिथे पार्वोतून बरं झालेलंच पिल्लू आणावं, कारण त्या विषाणूशी लढून ते आधीच तयार झालेलं असतं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही नको. म्युनिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्वो होऊन गेलेल्या 42 टक्के कुत्र्यांना पुढे पोटाच्या दीर्घकालीन तक्रारी दिसल्या. पार्वो न झालेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. त्यामुळे अशा पिल्लाचं खाणं एकदम बदलू नये, दूध-पोळीचा मारा करू नये आणि जुलाब रेंगाळले तर आठवडाभर वाट पाहत बसू नये. एवढी तयारी नसेल तर ते आधीच सांगावं. आठवड्याभराने परत आणून सोडलेल्या पिल्लाचे फार हाल होतात.

आणि ‘मोठ्या आजारातून उठलंय’ असं कोणी म्हटलं, तर कोणत्या आजारातून, हे विचारायलाच हवं. डिस्टेंपर हे वेगळं प्रकरण आहे. 2018 मध्ये गीरच्या जंगलात सिंहांचे बळी घेणारा तो हाच विषाणू. ताप-सर्दी ओसरल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही फिट येऊ शकतात. पाय किंवा जबडा सतत उडत राहणं जन्मभर राहू शकतं, दातांवरचं कवच खराब होतं. विषाणू शरीरातून बाहेर पडणंही काही जनावरांत महिनोन्‌महिने चालतं. उन्हात आणि साबणाने तो लवकर मरतो, एवढी जमेची बाजू. उडता पाय घेऊन मजेत जगणारी कुत्री असतात आणि त्यांनाही घर मिळावं, पण घेणाऱ्याला हे सगळं आधी माहीत हवं.

नाशिकमध्ये अशी पिल्लं शरण फॉर ॲनिमल्ससारख्या संस्थांकडे किंवा दवाखान्यांतून ओळखीने मिळतात. घेताना उपचारांचा कागद मागावा. त्यावर आजार कोणता, तपासणीने तो निश्चित झाला होता का, शेवटची उलटी किंवा जुलाब कधी झाले आणि कोणत्या लशी कोणत्या तारखेला दिल्या, हे असावं. दोन वेगवेगळ्या दिवशीची वजनं असतील तर उत्तमच. पहिल्या आठवड्यात अशोकस्तंभाजवळच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे नेऊन जंताच्या औषधाच्या आणि पुढच्या डोसच्या तारखा ठरवून घ्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत आणत असाल तर गोधडी आधी काढून ठेवा. आजारातून उठलेल्या दोन किलोच्या जिवाला नाशिकची थंडी फार लागते.