चामड्यात रंग येतो कुठून?



आजचा विषय घरगुती आहे. स्वतः शिवलेल्या सुरीच्या म्यानाला रंग कसा द्यायचा? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. जरा धीर धरा.

इचलकरंजीत सूत रंगवण्याचं कुणाला नवल नाही. पण चामडं रंगाकडे येतं तेव्हा आधीच काहीतरी पिऊन आलेलं असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं घ्या. ते पखालीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं, ही जुनी रीत. त्यातलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, तंतूंत मुरतं आणि कातडं कुजायचं थांबतं. म्यानासाठी असंच चामडं घ्यावं. क्रोमने कमावलेलं चामडं ओलं करून सुरीवर दाबलं तरी आकार नीट धरत नाही.

आता काळ्या रंगाकडे येऊ. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा. झाकण सैल हवं, कारण आत वायू तयार होतो. ते पाणी गाळून चामड्यावर फिरवा, काही मिनिटांत चामडं काळं पडतं. ना ते पाणी काळं होतं, ना हिरडा. मग काळेपणा आला कुठून? लोखंड आणि टॅनिन भेटले, तिथे तो घडला.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. कच्चा घडा भट्टीत लाल होतो, तेव्हा बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. नैयायिक म्हणाले, अख्ख्या घड्यात. लाली वरून लेपलेली आहे, असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. नवशिक्याने एवढं धरून ठेवलं तरी पुरे. जाड थर लावून चामडं झाकायचं नसतं.

तेव्हा क्रम असा. आधी उरलेल्या तुकड्यावर रंग पाहा. दोरा पांढरा हवा असेल तर शिवण्याआधीच रंगवा. चामडं किंचित ओलसर करून पातळ हात द्या, दोन किंवा तीन. काळं केलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, म्हणजे आंबटपणा मरतो. रात्रभर वाळू द्या. कोरड्या फडक्याला रंग लागायचा थांबेपर्यंत घासा. मग तेलाचा अगदी हलका हात, शेवटी मेण. कडा ओलसर करून गुळगुळीत लाकडाने घोटा. आणि सुरी कायमची म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पातं गंजतं.

एक गोष्ट मात्र खटकते. वर्गात घड्याचं उदाहरण चालतं, कापडाचं चालतं. कातड्याचं का नाही? कातडं कमावणाऱ्या ढोर समाजाला आणि ते शिवणाऱ्या चर्मकारांना आपण गावाबाहेर ठेवलं. त्यांच्या हातातली विद्याही बाहेरच राहिली. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर तशाच चपला दिसल्या, तेव्हा आपण चिडलो. चिडणं रास्तच होतं. पण टॅनिन आणि लोखंडाचं हे नातं ज्यांच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांना जाणकार म्हणायला आपण किती उशीर लावला, हेही विचारायला हवं.

म्यान रंगवताना बोटं काळी होतील. दोन-चार दिवस निघायची नाहीत. तेवढ्या वेळात या प्रश्नाचा विचार करता येईल.